दोन सीटांच्या मधली जागा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — काय घडलं ते अलीकडेच आधी चार वाक्यांत आणि मग सविस्तर सांगितलं, ज्यांना सांगणं भागच होतं त्यांना. पण ते सगळं करताना माझ्या मनात काय होतं, ते अजून माझ्यापाशीच आहे. बायकोलाही ठाऊक नाही, आणि एरवी तिच्यापासून मला काही लपवता येत नाही. तुम्हाला सांगतो. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून जरा सोपं जाईल असं वाटतं. वाटतं खरं.

मी विमानं दुरुस्त करतो. तुम्ही ज्यात बसून मुंबई-दिल्लीला जाता ती नाही. चार माणसांची, एका इंजिनाची, डोक्यावर पंख असलेली लहान, खाजगी विमानं. आमच्या नागपुरात अशी फार नाहीत, त्यामुळे ती हाताळणारेही फार नाहीत. गाव माझं पारशिवनीकडलं. घरची शेती भाऊ करतो. गावात मला अजून 'विमानवाले भाऊ' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडतं. लग्नाच्या मांडवात कोणी तसं म्हणालं की माझी मान आपोआप ताठ होते. हे मुद्दाम सांगून ठेवतो आहे. मला लोकांनी 'वा' म्हटलेलं लागतं. दुसऱ्या कोणाला दारू लागते, मला ते लागतं.

गांधीबागेत कापडाचा ठोक धंदा असलेले एक शेठ आहेत. त्यांचं खरं नाव नको, आपण मनोहरभाऊ म्हणू या. त्यांनी असं एक विमान घेतलं. जुनंच, पण आधीच्या मालकानं जीव लावून ठेवलेलं. त्याची देखभाल माझ्याकडे आली, आणि ते उडवायला आली मयूरी. हेही नाव खरं नाही. वर्ध्याची मुलगी, वडिलांचं तिथं औषधाचं दुकान, शिकून आल्यावरची ही तिची पहिलीच नोकरी. मला काका म्हणायची. पहिल्या दिवशी ती विमानात बसली, पट्टा बांधला, डोळे मिटले आणि उजवा हात खाली सोडला. हात बरोबर आग विझवायच्या बाटलीवर पडला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघून हसली. पोरगी नीट शिकलेली आहे, असं मी तेव्हाच बाकीच्यांना म्हणालो होतो.

बाटली म्हणजे तेच लाल नळकांडं, तुमच्या ऑफिसच्या जिन्यात टांगलेलं असतं ना, त्याचं धाकटं भावंड. विमानात ती कुठं लावायची हा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल. मिळेल त्या कोपऱ्यात ठेवली, झालं! पण जरा विचार करा — वर असताना आग लागली तर उडवणारा उठून कुठं जाणार? गाडीसारखं कडेला घेऊन उतरता येत नाही. पट्टा छातीवर, धूर डोळ्यांत, एक हात विमान सांभाळण्यात गुंतलेला. उरला एक हात, आणि तो जिथवर पोचेल तेवढंच सामान त्याचं. मागच्या सामानात टाकलेली बाटली असून नसल्यासारखी. सीटखाली ढकलली तर ऐन वेळी निघत नाही. दाराशी लावली तर चढता-उतरता लोक तिला ठोकर मारतात. पायांपुढे लावली आणि सुटली, तर घरंगळत पेडलमध्ये जाऊन अडकते, आणि मग विमान वळतच नाही. म्हणून त्या विमानात तिची जागा होती दोन पुढच्या सीटांच्या मध्ये, फरशीला बोल्टनं पक्की केलेल्या आणि एका झटक्यात उघडणाऱ्या पट्टीत. हे सगळं मला पाठ होतं. दुसऱ्यांना मी शिकवायचो. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

मग असं कसं झालं? तेच सांगतो आहे. जरा वळणं घेतोय, कळतंय मला.

दसऱ्याला विमानाची पूजा झाली. मयूरी सणाला वर्ध्याला गेली होती. मनोहरभाऊ घरच्यांना घेऊन आले होते, त्यांची आईही होती — तिला सगळे नुसतं बाई म्हणतात. पंख्याला झेंडूचा हार, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक. नारळ मी लांब, हँगरबाहेर, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडबाहेर फोडायला लावला, करवंटीचा तुकडा उडून कुठं शिरायला नको म्हणून. एवढी माझी काळजी! सगळं यथासांग झालं, आणि मनोहरभाऊंनी खिशातून पितळेचा लहानसा गणपती काढला. कारमध्ये बसवतात तसा, खाली चुंबक असलेला. तो त्यांनी समोरच्या पॅनलवर टेकवला. टक्कन बसला. आणि वरचं होकायंत्र फिरलं.

फिरणारच. चुंबकाशेजारी होकायंत्र दुसरं काय करणार? मी म्हणालो, शेठजी, इथं नाही चालणार, दिशा चुकेल. त्यांचा चेहरा उतरला.

"ट्रकमंधी चालते, कारमंधी चालते, मंग विमानातच देव काहून नाही चालत गा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. घरची माणसं, हँगरमधली पोरं, शेजारच्या विमानाचा मालक. बाईंनी जोडलेले हात तसेच होते. आता यावर साधी उत्तरं होती. चुंबक काढून मागच्या भिंतीला तसबीर लावा म्हणता आलं असतं. देव घरीच राहू द्या, मी रोज उडायच्या आधी नमस्कार करीन, असंही चाललं असतं. ही उत्तरं मला नंतर सुचली. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसत होतं की शेठ नाराज आहेत, लोक बघत आहेत, आणि तोड काढणारा इथं मी एकटाच आहे.

मी म्हणालो, देवाला जागा मी करून देतो.

आणि दिली. दोन सीटांच्या मधली. सपाट, दोघांच्या नजरेसमोर, बोल्टची भोकं तयारच! बाटलीची पट्टी काढली. इतवारीतल्या सुताराकडून सागवानी चौरंग करून आणला, हातभर नाही, वीतभर. चुंबक काढून गणपती खालून स्क्रूनं घट्ट बसवला. काम इतकं सुबक झालं होतं की काय सांगू. बाटली नेली मागं, सामानाच्या जाळीत. अशी जागा बदलायची तर विमान खात्याच्या वरच्या कार्यालयातून परवानगी घ्यावी लागते. घेतली नाही. मनात काय म्हणालो, तेही सांगून टाकतो — आग आयुष्यात एखाद्या वेळी, देव रोजचा. केवढा शहाणा विचार वाटला होता तेव्हा मला!

मनोहरभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "दिमाग असावा तं असा!" सगळ्यांसमोर म्हणाले. मी स्कूटरवरून गुणगुणत घरी गेलो.

मयूरी परत आली आणि तिनं ते पाहिलं. नमस्कार केला आधी, मग माझ्याकडे वळली.

"काका, देवाले माझा पाय लागन. अन् आग लागली तं मी मांगं कशी जाऊ?"

दोन वाक्यं होती ती, नीट लक्षात ठेवा. पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं. चौरंग उचलून उंच करून दिला, पाय लागायचा प्रश्न मिटला. दुसऱ्याला मी म्हणालो, एवढी एक खेप करून ये, मग बघतो काहीतरी. ती म्हणाली, नक्की? मी म्हणालो, नक्की. ती नाही म्हणू शकली असती. बाटली जागेवर नाही तर मी उडणार नाही, असं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. पण पहिली नोकरी, समोर शेठ, आणि शब्द देणारा कोण? तर काका. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, बाकी काही नाही.

ती खेप म्हणजे बाईंना पुण्याला, धाकट्या मुलाकडे सोडायचं होतं. बाई मागच्या सीटवर बसल्या. सोबत पिशव्या — संत्री, वडे-पापड, नातवासाठी काय काय. त्या सगळ्या जाळीवर ठेवल्या गेल्या. मीच हातभार लावला.

विमान उडालं, आणि थोड्याच वेळात परत वळलं.

मोबाइल चार्ज करायचं एक सॉकेट पॅनलखाली आधीच्या मालकानं बसवून घेतलं होतं. त्याची तार पेटली. आधी वास, मग धूर, मग पॅनलखाली खरीखुरी ज्योत. मयूरीनं शिकवल्याप्रमाणे वीज बंद केली, विमान वळवलं आणि मागं ओरडून सांगितलं, बाई, जाळीतली लाल बाटली द्या. हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. म्हणाल्या, "मी वळली रे बाबू, पण पट्टा सोडे ना. पिशव्यांच्या खाली बाटलीले हात लागला माह्या, पण ते जाळीचं हूक काही निघे ना." बाईंचं वय काय, आणि त्यांच्याकडून अपेक्षा काय! शेवटी मयूरीनं अंगातलं जॅकेट हाताला गुंडाळलं आणि ज्योत हातानं दाबून धरली. विझेपर्यंत धरली. जॅकेट जळून हात भाजला, तरी सोडला नाही. मग त्याच हातानं विमान खाली आणलं. बाईंना खरचटलंसुद्धा नाही.

मी धावपट्टीच्या कडेला उभा होतो. तिला उतरताना पाहिलं, तिचा हात पाहिला. त्या क्षणी — हे मला फार जड जातंय — त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? तिच्या हाताचं नाही आलं. बाटली मी हलवली हे आता कळणार, ते आलं.

दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये मनोहरभाऊ आले. हाताला पट्टी बांधून मयूरीही आली होती. बरेच लोक जमले होते, अशा बातमीला जमतातच. शेठनी सरळ मला विचारलं, बाटली मांगं कोणं नेली?

मी म्हणालो, सणाला जायच्या आधी मॅडमनीच सांगितलं होतं. पायात येत होती त्यांच्या.

झालं. इतकंच. खोटं बोलायला मला नवीन काही रचावंसुद्धा लागलं नाही. तिच्याच वाक्यातला पाय घेतला आणि दुसरीकडे नेऊन ठेवला. देवाला पाय लागेल, असं तिनं म्हटलेलं दोन-तीन पोरांनी अर्धवट ऐकलं होतं. पायाचं काहीतरी बोलल्या होत्या खऱ्या, म्हणून ते माना डोलावू लागले. मी पुढं म्हणालो, जागा रिकामी झाली, म्हणून मग तिथं देव बसवले. सगळं कसं फिट्ट बसलं! शेठच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. त्यांच्या देवासाठी बाटली हलली, असं ठरलं असतं तर ते त्यांनाही कुठं सोसणार होतं?

मयूरी माझ्याकडे बघत होती. तिनं एकच शब्द उच्चारला.

"काका?"

रागानं नाही. तिला खरंच वाटलं होतं की माझी काहीतरी चूक होतेय, मी विसरलोय, आठवण दिली की मी सांगेन. तेवढा वेळ दिला तिनं मला. मी तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहत राहिलो. मग ती बोलली, सगळं खरं खरं बोलली. पण ती नवी, मी जुना. ती पोरगी, मी विमानवाला. वरच्या कार्यालयातून चौकशीला माणूस आला, त्याच्यासमोरही मी तेच बोललो. तिच्या म्हणण्याला पुरावा नव्हता आणि माझ्या म्हणण्याला डोलणाऱ्या माना होत्या.

कागदावर तिच्या विरुद्ध काही लागलं नाही. पण आमच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. पायात येते म्हणून बाटली मागे फेकायला लावणारी ती, असं तिचं नाव पडलं. इंदूर, रायपूर, जिथं जिथं लहान विमानं आहेत तिथं ते तिच्या आधी पोचत होतं. तिनं जीव वाचवला, हे कोणी सांगेना. निष्काळजी पोरगी, एवढंच लोक हसत सांगायचे. मी ऐकायचो. कधी कधी, तुम्हाला काय वाटेल कोण जाणे, मीही थोडं हसायचो.

मनोहरभाऊंनी देव घरी नेले. बाटली मी परत तिच्या जागी लावली. दुसरा पायलट आला. बाई मात्र अधूनमधून म्हणायच्या, त्या पोरीनं माझ्यापायी हात जाळला. त्यावर मनोहरभाऊ म्हणायचे, आई, चूक तिचीच होती. आणि मी खाली वाकून टायरची हवा तपासायचो.

कळलं की मयूरी विमानतळाला लागून असलेल्या मिहानमध्ये एका ऑफिसात टेबलाचं काम करते. विमानं तिच्या खिडकीवरूनच उतरत असतील. एकदा वर्धा रोडला सकाळी पोहे खायला थांबलो होतो. प्लेट हातात घेतली आणि शेजारून आवाज आला, "बरे आहात ना काका?" तीच. प्लेट डाव्या हातात. उजव्या तळव्याची कातडी ताणलेली, चकचकीत. मी हो म्हणालो, घाई आहे म्हणालो आणि भरली प्लेट टाकून निघालो. अजूनही काका! शिवी दिली असती तर पोहे संपवून आलो असतो.

अशी वर्षं गेली. मी चांगला माणूस म्हणून जगत होतो बरं का. भावाच्या मुलीचं लग्न लावून दिलं, हँगरमध्ये किती मुलांना कामाला लावलं. नव्या मुलांना बाटली कुठं लावायची ते शिकवायचो, आणि का, तेही. ते सांगताना त्यांच्याकडे बघायचो नाही, एवढंच.

आता अलीकडचं.

मनोहरभाऊंचा पायलट दुसरीकडे गेला. नवा हवा होता. मी काही कामासाठी गांधीबागेत दुकानी गेलो होतो. पांढऱ्या गादीवर शेठ बसलेले, भोवती कापडाचे तागे, चंद्रपूरचा एक व्यापारी बोटांनी पोत चाचपत बसलेला, चहा आलेला. शेठनी सहज विषय काढला. म्हणाले, अर्ज आले आहेत, त्यात एक त्या मयूरीचाही आहे. मला धक्काच बसला. इतक्या वर्षांनंतर, त्याच दाराशी परत यायला कुठून आणली असेल तिनं हिंमत? उडायचंच होतं तिला. बाकी सगळी दारं बंद होती, आणि ती मीच बंद केलेली.

शेठ चहाचा घोट घेऊन हसले. "तेच पोरगी ना गा, पायात येते म्हणून बाटली मांगं फेकणारी?"

माझंच वाक्य. जसंच्या तसं, नव्यासारखं, त्यांच्या तोंडून. ते काही जुनं होऊन मेलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर त्या सकाळी ते आणखी एकदा तिचं काम काढून घेणार होतं, आणि मला फक्त चहा प्यायचा होता. इतकं सोपं होतं ते. आणि का कोण जाणे, ते सोपेपणच सहन झालं नाही. धैर्य वगैरे नव्हतं, तसं समजू नका. कप मी खाली ठेवला.

मी म्हणालो, "बाटली मी हलवली. देवासाठी हलवली. तिनं नको म्हटलं होतं. मी खोटं बोललो."

हीच ती चार वाक्यं. चंद्रपूरच्या व्यापाऱ्यानं हातातलं कापड खाली ठेवलं. शेठनी आपला चहा बाजूला सरकवला.

"तवा काहून नाही बोलला गा? म्या विचारलं होतं ना तुले."

काय सांगणार? कारण होतं, पण ते कारण म्हणून सांगण्यासारखं नव्हतं. मग शेठ खाली बघत पुटपुटले, "मलेही तवा तेच आयकाचं होतं." ते त्यांचं त्यांच्यापाशी. त्यातला वाटा मी घेत नाही. त्यांनी विचारलं होतं आणि खोटं मी बोललो होतो.

शेठनी तिथंच मयूरीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि मला म्हणाले, बोल. मी तीच चार वाक्यं पुन्हा म्हटली. पलीकडे तिच्या ऑफिसातलं प्रिंटरचं यंत्र चालू होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मला वाटलं, रडेल. मला वाटलं, फोन ठेवेल.

"हे तुम्ही दोघं मले फोनवर काहून सांगून राहिले?" ती म्हणाली. आवाज शांत होता. "ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं होतं, त्यांच्यासमोर सांगा."

मनोहरभाऊ म्हणाले, हाव. मीही हो म्हणालो. खरं सांगू? त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की आता सुटलो. सांगून टाकलं, मोकळा झालो. तिनं एका वाक्यात दाखवून दिलं की मी माझ्या मोकळेपणाचा विचार करत होतो, तिच्या नावाचा नाही.

म्हणून रविवारी सगळ्यांना बोलावलं. सकाळीच, हँगरमध्ये. त्या वेळची पोरं आता मिशा फुटून मोठी झालेली, दोन दुसऱ्या मालकांचे पायलट, पेट्रोल भरणारा, शेजारचा तो मालक. इंदूर-रायपूरच्या दोघांना शेठनी फोनवर धरून ठेवलं. बाईंनाही कोणीतरी खुर्ची आणून दिली. मयूरी दाराशी उभी होती, हाताची घडी घालून. आणि मी — ज्याला आयुष्यभर लोकांचं 'वा' लागत आलं — मी त्या सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं. या वेळी चार वाक्यांत नाही. चौरंग कोणी करून आणला, नक्की म्हणून शब्द कोणी दिला, पिशव्या जाळीवर कोणी ठेवल्या, आणि तिच्या वाक्यातला पाय कुठून कुठं नेला, सगळं. माना डोलावणारे आता जमिनीकडे बघत होते. कोणी 'असू दे' म्हणालं नाही. म्हणायलाही नको होतं. वरच्या कार्यालयालाही मी कळवलं आहे. तूर्तास विमान उडायला ठीक आहे या कागदावर माझी सही चालत नाही. मी लावलेला प्रत्येक बोल्ट माझ्यापेक्षा लहान माणूस तपासतो, मग विमान बाहेर निघतं. ते बरोबरच आहे.

माझं बोलून झाल्यावर सगळ्यांनी मयूरीकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिनं माझ्याकडे नाही पाहिलं. ती मनोहरभाऊंना म्हणाली, "उडवीन मी. पण विमानात कोणती वस्तू कुठं राहीन, ते मी ठरवीन."

"हाव पोरी, तूच ठरव," मनोहरभाऊ म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण एकदम हळू आवाजात.

तेवढ्यात बाई खुर्चीतून उठल्या. काठी टेकत मयूरीपाशी गेल्या, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा करून तळवा नीट बघितला आणि म्हणाल्या, "तवाचं पुण्याचं राहूनच गेलं वं माय. मी दुसऱ्या कोणासंगं गेलीच नाही. आता कवा नेतं?"

आणि मयूरी हसली. डोळे भरले होते, तरी मोठ्यानं हसली. मग हँगरमधले सगळेच हसले. गेल्या मंगळवारी ती बाईंना घेऊन गेली. पुण्याला पोचल्याचा फोन शेठना आला, मला शेठनी सांगितलं.

ती मला आता काका म्हणत नाही. काम असलं की नावापुढं साहेब लावून हाक मारते, नीट बोलते, आणि जाते. ती आज उडते आहे ते तिच्या जिद्दीमुळे. मी काही परत दिलं म्हणून नाही. परत देता येण्यासारखं ते नव्हतंच. विमान खिडकीतून बघत काढलेली तिची ती सगळी वर्षं मी घेतली होती. त्यांच्या बदल्यात मी तेव्हा काय वाचवलं होतं? पाठीवरची एक थाप.